शंभराला एक

सोमवार. उद्यमनगर बंद.
शेजारच्या घाटग्यांची प्रेस गप्प,
म्हणून तर ऐकू आलं:
लॅपटॉपच्या पोटात काहीतरी
टक्... टक्... आणि मग घास अडकल्यासारखं.

अण्णा बनियनवरच आले,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या पाठीवर टेकवून
मूठ कानाशी धरली, मोटारीला धरतात तशी.
"बेरिंग गेलंय," म्हणाले.
बेरिंग नव्हतं.
पण फार चुकलेही नव्हते.

राजारामपुरीत, बाराव्या गल्लीत,
तौफिक शिकलगारनं दहा स्क्रू
चहाच्या बशीत काढून ठेवले.
याचे आजोबा सायकलवर सहाण घेऊन
आमच्या दारात विळ्यांना धार लावायचे.
हा खराब सेक्टर मोजत विचारतो,
"ताई, टेबल प्रेसच्या भिंतीला लावून होतं काय?"

होय. सहा वर्षं.
चाळीस टनांचा एकेक ठोका
भिंतीतून टेबलात, टेबलातून
केसाहून बारीक अंतरावर तरंगणाऱ्या त्या सुईत.
"निघेल काही?"
त्यानं मान हलवली नाही.
बशी हलवली. स्क्रू वाजले.

रात्री घरी, त्याचा पेनड्राइव्ह लावून
(उद्या परत द्या, एवढंच म्हणाला)
मी निळ्या पडद्यासमोर बसले.
त्यानं भाषा विचारली. मग वेळ:
चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली
एका ओळीत, चौघांत एक घड्याळ.
आमचं नाव नव्हतं,
तरी तीच घेतली.
मग म्हणाला, कुठे बसवू?
खाली लिहिलेलं: वाटणी न झालेली जागा.
सगळीच्या सगळी.
अशी जागा आमच्या भाऊबंदांत
अजून कुणी पाहिलेली नाही.

बुडाच्या स्टिकरवर पंचवीस अक्षरं,
मांडीवर घासून पुसट.
आठ आहे की बी?
तिसऱ्या खेपेला बी निघाला.

सतरा टक्क्यांवर थांबलं ते थांबलंच.
मी बटणाकडे हात नेला तर अण्णा म्हणाले,
"पेटी गार व्हायच्या आत उघडायची न्हाई."
मग दोघं बसलो, भडंग खात,
काहीच हलत नसलेल्या आकड्याकडे बघत.

काय काय गेलं?
गुऱ्हाळाच्या चरकाचं तेवीस दातांचं चाक.
इस्लामपूरच्या पंपाचं केसिंग,
गिऱ्हाइकानं चारदा बदलायला लावलेलं,
चौथ्यांदा पहिल्यासारखंच.
उधारीची यादी. (काहींना बरंच झालं.)
आणि 'नवीन फोल्डर २',
ज्यात काय होतं
ते मी अण्णांनाही सांगणार नाही.

"तोंड कशाला पाडतीस? लाकडात हाय की सगळं."
माळ्यावर चढले. वरून एकेक पॅटर्न
माझ्या हातात उतरू लागला,
सागवानी, लाल रंगाचा, भुशाच्या वासाचा,
ज्यांवरून मी ड्रॉइंगं काढली होती
आणि काढल्यावर विसरले होते.

मग ती पितळी पट्टी दिली,
जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर जरा खोटा,
शंभराला एक जास्त.
कारण ओतलेलं बीड गार होताना आकसतं,
आणि सुताराला ते आधीच
लाकडात मिळवून ठेवावं लागतं.
पट्टीवर तीनशे वाचायचं,
खरं तीनशेतीन.
मी केसिंग मोजलं.
दोनशे नव्व्याण्णव आणि थोडं.
पुन्हा मोजलं. तेवढंच.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला,
कडेवरून अंगठा फिरवला.
"लाकूड बी आकसलं असंल.
चाळीस सालं झाली."
"मग काय लिहू?"
बराच वेळ काही बोलले नाहीत.

पहाटे पडदा उघडला.
कुठल्यातरी परक्या डोंगराचं चित्र
आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली,
रिकामी.
फाइलीला नाव दिलं, आकडा तसाच मोकळा सोडला.

आठ वाजता घाटग्यांनी प्रेस चालू केली.
पहिल्या ठोक्याला बशीतलं भडंग उडालं.
नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नाही,
ठोक्यांचं हिला काही नाही,
तौफिकनं दोनदा सांगितलं होतं.

तरी मी उठले
आणि टेबल भिंतीपासून
वीतभर ओढलं.