डावीकडचा

लेम्विगच्या अलीकडे रस्ता फ्योर्डला टेकतो,
तिथलं पिवळ्या विटांचं घर.
जाहिरात तीनच ओळींची होती:
सागवानी जोडी, एकाहत्तर सालची.
एकाच घरात वापरलेली.
स्वतः येऊन ऐकावी.

दार आयनारनी उघडलं. ब्याऐंशीचे, ताठ,
स्वेटरच्या कोपरांना कातडी ठिगळं.
ग्रेथेबाईंनी कॉफी आणली, बोलल्या काहीच नाहीत,
उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या,
कप आपल्या बशीत बसावा तशा.

मी नखाने लाकूड वाजवून पाहिलं,
कापडाला नाक लावलं:
मेण, पाइपातला तंबाखू,
आणि खोल कुठेतरी मासळीच्या धक्क्याचा वास.
वूफरची कडा दाबली. रबर जिवंत.
किंमत दोन हजार क्रोनर.
मी मनात सोळाशे धरून आले होते.
बाहेर ट्रेलरला टेकून माझा भाऊ येप्पे उभा,
त्याला म्हटलं होतं, दहा मिनिटांत मान हलवत बाहेर आले
तर घाबरू नकोस, घासाघीस चालू आहे.

रेकॉर्ड मी माझीच नेली होती,
चर्चमधलं वृंदगान, शेवटी एक बारीक घंटा,
एकदाच वाजते, मधोमध.
आयनारनी सुई टेकवली,
तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तशी.
सूर आले, जाड लोकरीसारखे.
मग घंटा.
उजवीकडून.
डावीकडे नुसतं मऊ, काळं काहीतरी,
दार ओढून घेतलेल्या खोलीसारखं.
पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवीकडूनच.
'स्वच्छ आहे ना?' आयनार म्हणाले.

इथे सांगायला हवं,
मी होल्स्टेब्रोच्या इस्पितळात लोकांचे कान तपासते.
काचेच्या खोलीत बसवते, हातात बटण देते,
ऐकू आलं की दाबा.
कागदावर रेघ उतरत जाते
टेकाडावरून समुद्राकडे.
आधी पक्षी जातात,
मग नातवंडं,
मग बायकोच्या बोलण्यातले स आणि श.
वाटलं, यांची रेघ मला दिसते आहे.
डावा ट्वीटर मेला आहे
आणि यांना पत्ताच नाही.
सांगितलं असतं तर चारशे सुटले असते.
त्यांचंही काहीतरी सुटलं असतं, हातातून.

आयुष्यभर कानांची नोकरी,
आणि केला काय, तर कानाडोळा.
दोन हजार मोजून दिले.
नोटा ग्रेथेबाईंनी घेतल्या,
माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
'एक क्रोनरही कमी नाही?' येप्पे गाडीत म्हणाला.
मी खिडकीबाहेर बघत राहिले,
फार चांगली बाई असल्यासारखी.

रविवारी मागचे आठ स्क्रू काढले.
ट्वीटर शाबूत.
तार तुटलेली नव्हे, सोडवलेली,
टोकाला पट्टी गुंडाळलेली,
तान्ह्या बाळाच्या बेंबीला गुंडाळतात तशी.
लाकडाच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने:
माझ्या बाजूचा. कानात टोचतं.
ग्रेथेच्या बाजूचा तसाच. तिला वरचं सगळं लागतं.
ऑक्टोबर अठ्ठ्याण्णव.

ऐकू येत नव्हतं असं नाही.
फार येत होतं.
असंही असतं, मला ठाऊक आहे,
मीच विद्यार्थ्यांना शिकवते,
तिसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईने.
मग ते मला का बोलले नाहीत?
विसरले असतील. किंवा
वीस वर्षं एकाच घंटेसाठी
दोघं दोन बाजूंना बसली की
तिचं एका बाजूने येणं हेच स्वच्छ वाटत असेल.

सोल्डरची कांडी दोनदा तापवली,
दोनदा गार होऊ दिली.
माझ्याकडे खुर्ची एकच आहे,
आणि ती नेमकी मधोमध.