तीस की पन्नास

नर्स म्वाजुमाने टेबलावर तीन बाटल्या मांडल्या.
पंधरा, तीस, पन्नास.
मी मासळी विकणारी बाई,
आधी भाव विचारला.

माझ्या पोटी जुळ्या आल्या.
डोटो माझ्यासारखी,
भिजलेल्या होडीच्या लाकडाच्या रंगाची.
कुल्वा सायीहून फिकी,
पापण्यासुद्धा पांढऱ्या.
एकाच बादलीतून न्हातात, एकाच वाटेने शाळेत जातात,
पण ऊन दोघींना सारखं ओळखत नाही.

"पंधरा हिला पुरायचं नाही," म्वाजुमा म्हणाली,
"पन्नास ने. दर दोन तासांनी लाव.
आणि काटकसर करू नकोस बाई,
पातळ चोळलंस तर
पन्नासाचे पंधराच होतात."
वर टोपी दिली, रुंद काठाची.

म्वांझाच्या तळ्याकाठी
जाळ्यांवर माझी डागा वाळते,
बोटाएवढी, चांदीसारखी.
त्याच उन्हावर आमची चूल.
ढग आला की मी त्याला शिव्या घालते,
आणि शाळा सुटायची वेळ झाली
की तीच शिवी गिळते.

एक बाटली म्हणजे चौदा डबे मासळी.
पावसाळ्यात वीस.

काल डोटोने बाटली उघडली.
"तुला गं कशाला?" मी ओरडणार होते.
ती बहिणीच्या मागे उभी,
कानांमागे मलम चोळत होती,
जिथे मी रोज विसरते.
बोटाला उरलं ते
तिने स्वतःच्या नाकाला पुसलं.

मी डबे मोजत होते.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.