पश्चिमेची भिंत

माझा धंदा गारव्याचा.
जूनच्या दुपारी एर्मोसीयोच्या गच्च्यांवर चढतो,
पान्याचा चटका बसू नये म्हणून हाताला फडकं गुंडाळतो,
कॉम्प्रेसर उघडतो, गॅस भरतो, उतरतो.
खाली कुणीतरी डोळे मिटून म्हणतं, आलं!
तेवढ्यावर आमचं घर चालतं.

आमच्या घराची पश्चिमेची भिंत मात्र
मध्यरात्रीपर्यंत निवत नाही,
चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी.
तिला लागून सासूबाईंची खाट.
दोन्या तोमासा तक्रार करत नाहीत.
निजण्याआधी भिंतीला तळवा टेकवतात
आणि उचलतात.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मेस्कीट आणलं.
बाभळीच्या गोतातलं, वीतभर, काटे आधी, पानं मागून.
भिंतीपासून सात पावलं मोजली.
कुदळ टणकन उडाली. खाली चुनखडीचा थर,
कुणी फरशी घालून विसरून गेल्यासारखा.
पहारीने तीन रविवार खाल्ले.
ग्रिसेल्दा दारातून म्हणाली,
सावली? आधी यालाच छत्री धरावी लागेल.

धुण्याच्या मशीनचं पाणी नळीने त्याच्याकडे वळवलं.
आमच्या चादरी, माझे तेलकट कपडे,
सगळ्यांचा घाम तो प्यायला.
पहिल्या उन्हाळ्यात त्याची सावली
सूर्य बुडायच्या बेतात, सातला,
भिंतीच्या पायथ्याला शिवली.
मी कोळशाने रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली.
दुसऱ्या वर्षी तीच रेघ सव्वासहाला गाठली.
तिसऱ्या वर्षी साडेपाचला.
घड्याळ उलटं चालतंय याचा इतका आनंद
मला कधी झाला नव्हता.

ऑगस्टात वादळ आलं, धुळीचं, मागून पाऊस.
सकाळी झाड अंगणात आडवं.
मुळं पाहिली: परातीएवढी, बस.
बुंध्याशी रोज आयतं पाणी, मग जाईल कशाला कुठे.
दोन्या तोमासा काठी टेकत आल्या,
त्यांचं बालपण गुरांमागे उघड्या माळावर गेलेलं.
मुळांना काठीने ढोसून म्हणाल्या,
निकानोर, तू याला मांडीवरून उतरूच दिलं नाहीस.

अर्धं छाटलं. ट्रकच्या पट्ट्याने ओढून उभं केलं.
नळी एक पाऊल लांब सरकवली.
पुढल्या वर्षी आणखी एक.
कधीकधी पंधरा दिवस पाणी नाही.
पानं मिटलेली दिसायची, मी तिकडे बघायचं टाळायचो.
कोळशाच्या रेघा दोन वर्षं जिथल्या तिथे.

मध्येच एकदा पितिक भागातल्या एका घरी गेलो.
मशीन धापा टाकत होतं. अंगणात ताजा बुंधा,
कापलेल्या जागी डिंक अजून ओला.
शेंगा गाडीवर पडायच्या, बाई म्हणाल्या.
मी गॅस भरला, पैसे घेतले.
उपदेश करणारा मी कोण,
त्या बुंध्यामुळेच तर मला बोलावणं आलं होतं.

यंदा सातवा उन्हाळा.
चारला सावली खिडकीवर येते,
बारीक पानांची, चाळणीतून चाळल्यासारखी.
तिच्यात पाववाला सायकल टेकवतो,
एक कुत्री, कुणाची ते ठाऊक नाही, तिथेच व्याली.
ग्रिसेल्दा शेंगा वेचते, छत्रीचं बोलत नाही.
रेघा मी पुसल्या नाहीत.

काल रात्री दहाला मशीन बंद होतं.
दोन्या तोमासांनी भिंतीला तळवा टेकवला.
मी दारात श्वास धरून उभा.
गरम आहे अजून, म्हणाल्या.
माझा चेहरा पडला असावा.
मग त्या कुशीवर वळल्या, हात भिंतीवरच,
माणसाच्या पाठीइतकी, म्हणाल्या.
एवढी असू दे.