पाक थांबत नाही

तुम्ही पर्वरीत केकचं दुकान घालताय, दोघांच्या नावानं,
बोर्डसुद्धा रंगवून झालाय, असं प्रज्योत म्हणाला,
आणि सोनियानं वही उघडली,
जणू मी आता कलम एक, कलम दोन सांगणार.
वही मिट गं, बाय.
हात धू आधी. चुलीवर गूळ आहे.

माशेलच्या ह्या मागच्या पडवीत
तेहतीस वर्षं आम्ही खाजं करतोय.
हे पाक ओततात, मी परतते.
मधे वेळ असतो तो एवढाच
की शिंक आली तर आतल्या आत मारावी.
तेवढ्यात ठरवायचं नसतं
आलं कुणी कमी टाकलं,
कुणाची बहीण काय बोलली.
पाक थांबत नाही.
भांडण थांबतं. थांबवून बघ,
संध्याकाळपर्यंत अर्धं विरघळलेलं असतं.
उरलेलं अर्धं मात्र भांडायलाच हवं,
आणि ते ह्यांना कळायला नऊ वर्षं लागली.

फातर्प्याच्या जत्रेत, पहिल्याच वर्षी,
माझ्या हातून कुणाला तरी पाव किलो जादा गेलं,
आणि हे चार माणसांसमोर म्हणाले,
"हिला हिशेब कळत नाही."
मी तोलत राहिले.
पहाटे तीनला, दिवे विझू लागल्यावर,
गल्ला ह्यांच्यापुढे पालथा केला:
"मोजा."
मोजलं. चुकले. परत मोजलं, परत चुकले.
तेव्हापासून गल्ला माझ्याकडे.
तुमच्यात तो कुणाकडे राहील, तुमचं तुम्ही बघा,
पण दोघांकडे ठेवू नका.
दोघांकडचा गल्ला म्हणजे
दोघांनी चुलीवर ठेवलेलं दूध.

परवाना ह्यांच्या नावावर होता. कर्जही.
पंचायतीचा माणूस दारातून विचारायचा,
"मालक आहेत का?"
मी पिठात कोपरापर्यंत. म्हणायची, "नाहीत."
सोळा वर्षं मी "नाहीत" म्हणत होते.
एकदा ह्यांनी ते आतून ऐकलं,
टॉवेलला हात पुसत बाहेर आले, म्हणाले,
"आहे की. तुमच्यासमोर उभी आहे."

फार मोठं काही नव्हतं ते.
त्याच दिवशी माझ्या चहात साखर घालायला विसरले.
पण ते वाक्य मी अजून
गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय,
सुटे पैसे असतात तिथे,
रोज लागतं म्हणून.

आणि जून लागला की आमचं दुकान नसतं.
दमट हवेत खाजं नरम पडतं,
जत्रा नाहीत, फेस्तं नाहीत, टेम्पो ताडपत्रीखाली.
मुलगा बेळगावला शिकायला गेला त्या वर्षी
आम्ही दोघंच जेवायला बसलो.
हे म्हणाले, "गुळाचा भाव वाढला."
दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "तीळ संपले."
चौथ्या दिवशी मला भीती वाटली.
मग नियम केला: रात्री नऊनंतर
खाजं हा शब्द ह्या घरात नाही.
पहिल्या रात्री साडेनऊपर्यंत
दोघंही घड्याळाकडे बघत बसलो, परीक्षेला बसल्यासारखे.
मग ह्यांनी सांगितलं, लहानपणी
फेरीबोटीवर दोर फेकणारा व्हायचं होतं मला.
एकोणीस वर्षं बायको होते.
मला माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी फेरीबोटीनं दिवाडीला गेलो,
काही काम नसताना,
आणि त्याच बोटीनं परत आलो.
दोर टाकणाऱ्या पोऱ्याला हे काहीतरी शिकवत होते,
आणि तो ऐकत नव्हता.

बघ, फेस आला. तार बघ. आता.
प्रज्योत, ओत. तिच्याकडे बघू नकोस, कढईकडे बघ.
सोनिया, हलव, हलव, खालून...

लगदा झाला?
होतो.
आमचा पहिला घाणाही विकण्यासारखा नव्हता.
दोघांनीच खाल्ला, आठवडाभर,
दात दुखेपर्यंत.