उलटी बाजू

लाइट गेली की अशोक चौकामागच्या आमच्या गल्लीत
माणसांचे आवाज ऐकू येतात.
तोवर माग बोलतात.

मंगळवारी अशीच गेली, साडेचारला,
आणि कार्ड पंचिंगच्या खोलीत
माझ्या टेबलाभोवती तिघी जमल्या :
भाची पद्मजा, तिची मैत्रीण तरन्नुम,
आणि समोरच्या घरातली शिवलीला,
मांडीवर विड्यांचं सूप घेऊन.

दिवाळीला कार्टूनचा सिनेमा येतोय, राजकन्येचा.
सिनेमा अजून कुणी बघितला नाही.
चार चित्रं तेवढी बाहेर आलीत
आणि त्यांवर यांचं सोमवारपासून भांडण.

"डोळे बघ की बे, वाटीएवढे."
"आणि नाक? नाक द्यायचं विसरलेत."
"मनगट बघ. हिनं कधी
एक घागर तरी उचलली असेल का?"
"राजकन्या आहे ती, घागर कशाला उचलेल?"
"मग तलवार कशी उचलायलीय?"
यावर तरन्नुम जरा गप्प बसली. मग म्हणाली,
"केस मात्र खरे केलेत. एकेक सुटा.
तेल लावलेलं नाही, कळतंय."

मी ग्राफ काढतो. एकतीस वर्षं.
चौकटीच्या कागदावर एक घर म्हणजे एक धागा.
मोर काढले, कमळं काढली,
एकदा एका पुढाऱ्याचं तोंड काढलं
(ओठांना घरं कमी पडली, आणि पैसेही कमीच मिळाले).
मला कुणी विचारलं नव्हतं. तरी चष्मा पुसला,
म्हटलं, आणा इकडं.

तिसऱ्या चित्रात वारा आहे.
राजकन्या बुरुजावर, खांद्यावर शाल, शालीवर मोर,
आणि टोक उडून शालीची पाठ दिसतेय.
पाठीवरही तोच निळा मोर, तीच लाल जमीन.

"चुकलं," मी म्हटलं.
कपाटातली चादर काढून झटकली.
इकडून लाल जमिनीवर निळा मोर,
तिकडून निळ्या जमिनीवर लाल.
"हे बघा. विणलं की पाठ रंग बदलते.
हिच्या अंगावरचं छापील आहे.
हिच्या राज्यात माग नाहीत.
सोलापुरात हा माल कुणी हातात धरणार नाही."

पद्मजाचं तोंड उतरलं.
तिच्या फोनच्या पडद्यावर हीच राजकन्या आहे.
"मामा, तुम्ही ना, लग्नात जाऊनपण
नवरीच्या शालूची पाठ बघता."
खरं आहे. बघतो.

शिवलीला अजून काही बोलली नव्हती.
तिची बोटं न बघता चाललेली :
पान, तंबाखू, दोरा. पान, तंबाखू, दोरा.
"मोठं करा की जरा," ती म्हणाली, "तिथं, कोपऱ्यात."
तरन्नुमनं दोन बोटांनी कोपरा ताणला.

काठाला एक धागा सुटला होता.
एकच. टोकाशी थोडा पिंजलेला.

"हा कुणीतरी मुद्दाम काढलाय," शिवलीला म्हणाली.
"सुटलेला धागा कुणाला हवा असतो?
ज्यानं काढला त्याच्या घरी कुणीतरी..."
पुढचं वाक्य तिनं विडीला गुंडाळून टाकलं.

मी चादरीची घडी घातली. नीट जमली नाही.

तेवढ्यात लाइट आली, माग सुरू झाले.
भांडण नुसतं ओठांवर दिसत राहिलं.
चपलांवरून असावं,
पद्मजा स्वतःचा पाय वर करून दाखवत होती.

रात्री एक कोरा ग्राफ घेतला.
काढली तीच पोरगी, चादरीच्या मापात.
नाकाला दोन घरं पुरली.
डोळ्याला आठ दिली तर आंधळी दिसायली.
खोडलं. दहा. खोडलं.
चौदा दिली, तेव्हा कुठं बघायला लागली.
म्हणजे तिकडंही कुणीतरी
चहा गार करत
घरं मोजत बसलं असणार.

तो सुटा धागा मात्र काढता येईना.
एक घर म्हणजे एक धागा,
आणि कुठलंही घर भरलं
तरी तो विणीतच जाऊन बसतो.