नियम क्रमांक सत्तेचाळीस

परसोडीच्या आयटी पार्कात रात्री दीड.
बाहेर मे महिना अजून भिंतींत तापलेला,
आत रॅकसमोर मी स्वेटर घालून.

जुनी फायरवॉल आज उतरवायची.
उद्यापासून सगळं क्लाउडमध्ये,
उद्यापासून कुणावरच विश्वास नाही:
आतला असो, बाहेरचा असो,
दर दारात ओळख सांगायची.

तीनशे बारा नियम. एकेक खोडत आले.
सत्तेचाळीसाव्यावर शेरा:
‘तात्पुरता. काढू नये. — गजभिये, २००९.’
मोजणीचा आकडा पाहिला.
रोज रात्री दोन दहाला एक पॅकेट. एकच.
बाकी दिवसभर सामसूम.

गजभिये सर आता झिंगाबाई टाकळीत, निवृत्त.
फोन केला. जागेच होते. पाठीमागं कूलरची घरघर.
‘काहून व, अजून जित्ता आहे का थो?
कळमेश्वरच्या गोदामातला वजनकाटा आहे बाई.
त्याचं घड्याळ मागं पडते.
रात्री एकडाव टाइम विचारते, अन् गप बसते.’

एवढंच.
सोळा वर्षं एक सताड दार
या प्रश्नासाठी.
त्यातून कुणीही येऊ शकलं असतं.
आलं नाही, की आलं आणि कळलं नाही,
हे नोंदींत नाही.

दोन वाजून आठ.
दार लावलं. नव्या यादीत
काट्याच्या मापाची फट ठेवली:
एक पत्ता, एक पोर्ट.
शेऱ्याच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.
‘तात्पुरता,’ मी लिहिलं,
खाली नाव: झाडे.

दोन दहा.
आकडा एकाने सरकला.