सतरा भागिले चार

"मिळणारे का काही? इन्क्रिमेंट वगैरे?"
डबा उघडता उघडता विचारलं शिराळकर सरांनी.
मी म्हटलं, नाही.
मग त्यांनी लोणच्याची एक फोड माझ्या झाकणात ठेवली,
आजाऱ्याला द्यावी तशी.

सव्वापाचला शाळा सुटते.
आंबेगाव पठारावरून उतरायचं, बस मिळाली तर स्वारगेट,
आणि सहाच्या तासाला बाकावर मी,
बेचाळीस वर्षांची, शेवटून दुसऱ्या रांगेत.
"रोल नंबर अकरा?"
हात वर जातो, आणि तोंडातून अजूनही
"हजर बाई."
शेजारची पोरगी फिस्सकन हसते.
तिचं बी.एड. गेल्या जूनमध्ये संपलं,
तिच्या ओढणीला अजून खिचडीचा डाग नाही.

तास रचनावादाचा.
मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, असं फळ्यावर उमटतं.
माझ्या नखांत सकाळचा खडू.
डोळे मिटतात, पेन वहीत एक लांब रेघ ओढत
खाली घरंगळतं.
कुणी ओरडत नाही.
उद्या वर्गात कुणी पेंगलं
तर आठवायला हवं मला हे.

माझा विषय: इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या
भागाकारातील चुकांचे वर्गीकरण.
नमुना बत्तीस. शाळा माझीच, मुलं तीच,
फक्त नावं काढून घेतलेली.
वि-१, वि-२, वि-३.

वि-१९ म्हणजे यल्लालिंग.
पठारामागे टॉवर उठतोय, त्याच्या पायाशी पत्र्याच्या खोलीतला.
सतरा भाकऱ्या, घरात माणसं चार.
प्रत्येकाला किती? उरल्या किती?
त्याने मांडणीच केली नव्हती. नुसतं लिहिलेलं:
पाच, पाच, चार, तीन.
"हे काय रे?"
"बाप आन् दादा मिक्सरवर असत्यात बाई. मला चार बास.
तीन आईला."
"आणि उरल्या किती?"
भाकरी उरते, हे हिला कुणी शिकवलं,
अशा नजरेनं त्यानं पाहिलं माझ्याकडे.

मी बेरीज केली. दोनदा.
सतराच.

राजोपाध्ये मॅडमनी रकाने दिले होते तीन:
संकल्पनेची चूक, प्रक्रियेची चूक, निष्काळजीपणा.
चौथा मी आखला. इतर.
त्यात एकच काडी.

डिसेंबरात शेवटचा स्लॅब पडला.
उत्तर-चाचणीच्या दिवशी त्याच्या जागेवर
दप्तरं ठेवली होती मुलांनी.
यादगीर म्हणालं कुणी, कुणी म्हणालं चाकण.
मॅडम म्हणाल्या, "वगळा त्याला.
नमुन्यातली गळती. एका ओळीत नोंदवा, बास."
त्यांचं बरोबरच होतं. टी-चाचणीला जोड्या लागतात.
रात्री लेकीनं एक्सेलमध्ये ओळ निवडली, डिलीट दाबलं,
खालच्या ओळी आवाज न करता वर सरकल्या.
वि-२० आता वि-१९ झाली.
ती मुलगी उद्याही पाढे चुकवणार होती,
तिला यातलं काही ठाऊक नाही.

अप्पा बळवंत चौकात पाच प्रती बांधल्या.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
"नाव नीट बघून घ्या," दुकानदार म्हणाला,
"एकदा छाप बसला की वेलांटी हलत नाही."
मी माझं नाव बघितलं. बरोबर होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक.
पानं उलटत उलटत चौसष्टवर थांबले, चष्मा कपाळावर नेला.
"मॅडम, या 'इतर'खाली शून्य आहे.
एकही चूक नाही त्यात.
मग रकाना ठेवलात कशाला?"

राजोपाध्ये मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.
चहाचे कप कुणीतरी आणून ठेवले, सहा जणांना पाच.

मी म्हटलं,
राहू द्या सर.
लागेल.